आखाजीला न्यायला कोण येणार

शहाद्याच्या बाजारपेठेत माझं भांड्यांचं दुकान आहे. तिथे माझ्याशी घासाघीस करून कोणी जिंकून गेलं, असं मला आठवत नाही. ही बढाई नाही. पुढचं नीट समजावं म्हणून आधी सांगून ठेवते.

लग्नाच्या आंदणाची भांडी घ्यायला घरंच्या घरं येतात. सुरुवातीला मुलीचा बाप प्रत्येक ताटामागे अडतो. ताट उलटं करून बघतो, टिचकी मारतो, समोरच्या दुकानात काय भाव आहे ते ऐकवतो. मी ऐकून घेते. दुकानातली सगळ्यात चांगली तांब्याची कळशी मी तोवर खाली, पायाशी ठेवलेली असते. हंडा झाला, परात झाली, डबे झाले, की ती कळशी काढते आणि मुलीच्या हातात देते. आईच्या नाही, मुलीच्या. मुलगी ती कमरेवर घेऊन बघते. तेवढं पुरतं. आईचा पदर डोळ्यांकडे जातो आणि बापाचा हात खिशात. त्यानंतर त्या घरातून भावाचा शब्द निघत नाही.

माणूस पैशाचा विचार डोक्याने करतो असं म्हणणारे लोक कधी गिऱ्हाइकासमोर बसलेले नसतात. भाव वस्तूचा नसतोच. घेणाऱ्याच्या पोटात काय हललं, त्याचा असतो. म्हणून मी धंद्यात एकच नियम पाळला: हवी असलेली वस्तू समोर आली, तर चेहऱ्यावर दाखवायचं नाही. तो नियम अंगात इतका मुरला की पुढे काढू म्हटलं तरी निघाला नाही.

माझं माहेर प्रकाशा गावाच्या पुढे, तापीच्या काठचं. काळी जमीन, बारमाही पाणी. अशा घरातली मी, पण माझ्या नवऱ्याची साखर कारखान्यातली हंगामी नोकरी पाठीच्या दुखण्याने सुटली, तेव्हा मी म्हसावदच्या आठवडे बाजारात ताडपत्री टाकून स्टीलची भांडी विकायला बसले. वडिलांना ते कळलं. आपली मुलगी बाजारात बसते, चमच्यासाठी बायकांशी भांडते, हे त्यांना सोसलं नाही. त्यांनी माझ्याकडे येणं बंद केलं. पण आखाजीला भावाला पाठवायचं त्यांनी कधी चुकवलं नाही.

आमच्या खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि सासुरवाशिणीला दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. निंबाला झोका बांधलेला, घरात खापरावरची पुरणपोळी, आंब्याचा रस, आणि वाडवडिलांच्या नावाने भरलेली मातीची घागर. पण लेकीने आपल्या पायाने यायचं नसतं. माहेरचा माणूस न्यायला यावा लागतो. तो आला म्हणजे तुमचं माहेर आहे. नाही आला, तर तुमच्याकडे कितीही पैसा असो, शेजारणी विचारतात, "काय व, कोन्ही उनं नही का?"

भाऊ मोटारसायकलवर यायचा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. सरळ बाजारात यायचा आणि ताडपत्रीच्या कडेला बसायचा.

"चाल व. माय वाट दखी ऱ्हायनी."

"बजार उठू दे."

"बजार रोजना शे. आखाजी रोजनी नही."

मी ऐकायची नाही. मग तो समोरच्या बायकांना सांगायचा, "हाई मन्ही बहीन शे. हिनाकडथून घेशात ते लुटाई जाशात." बायका हसायच्या. मी त्याच्या अंगावर झाकण फेकायची. तो ते झेलून पुसून परत जागेवर लावायचा. ताडपत्रीवरून हातगाडी, हातगाडीवरून दुकान, असं माझं सगळं बदलत गेलं, पण त्याचं येऊन बसणं बदललं नाही.

वडील गेले, मागोमाग आई गेली. आईचं तेरावं झालं आणि भावाने हक्कसोडीचा विषय काढला. आमच्याकडे रीत अशी की बहिणीने बापाच्या जमिनीवरचा हक्क सही करून सोडायचा आणि भावाने तिला साडी नेसवायची. कायदा काय म्हणतो ते मला माहीत होतं. त्या जमिनीचा गावातला भाव मला भावापेक्षा जास्त माहीत होता. मी ठरवून निघाले होते की सगळा हिस्सा नको, पण विहिरीजवळचा एक तुकडा मागायचा आणि त्यावरून खाली यायचं नाही.

कचेरीच्या बाहेर एक बाक होता, धुळीने भरलेला. भावाने डोक्यावरची टोपी काढली आणि त्या टोपीने बाक झटकला. "बस व," म्हणाला. आमचे वडील असंच करायचे. जत्रेत, एस.टी. स्टँडवर, कुठेही. आधी टोपीने जागा झटकायची, मग मला बसवायचं.

मी बसले आणि विहिरीजवळचा तुकडा माझ्या तोंडातून निघाला नाही.

"मन्ही एकच अट शे," मी म्हणाले. "आखाजीले तू सोता लेवाले येवानं. पोऱ्याले धाडानं नही, फोन करानं नही."

"हाई बी काय अट शे? जिवंत शे तोपावत ईसू."

सही केली. साडी चांगली होती, जांभळी. घरी आल्यावर नवरा बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला, "चमच्यामागे बाजारभर भांडतेस आणि वावर साडीवर देऊन आलीस." मी त्याला इतकं बोलले की शेजारी बाहेर आले. पण तो खरं बोलत होता. आंदण घ्यायला आलेल्या त्या आयांसारखीच माझी गत झाली होती. मला कोणी कळशी दाखवली नव्हती, एवढाच फरक.

भाऊ आला. वर्षानुवर्षे आला. आई-वडील नसलेल्या घरातही झोका होता, वहिनी पोळ्या करायची, भाऊ घागर भरायचा आणि वडिलांचं नाव घेताना माझ्याकडे बघायचा. माझा सौदा वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

मग एका उन्हाळ्यात माहेरच्या गावची एक बाई दुकानात आली. पातेली घेतली. मी कागदात बांधत होते. ती सहज म्हणाली, "तुमना भाऊनी वावर ईकी टाकं. चांगला भाव उना म्हने. घरबी दिधं. तुमले माहीतच व्हई."

मी "हो" म्हणाले. तिला दोन पातेल्यांचे पैसे कमी लावले, हे ती गेल्यावर लक्षात आलं.

भावाला फोन केला. तो आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "पोऱ्याले सुरतमा घर लेवानं व्हतं. त्याना धंदा तठे. आम्ही बी तठेच ऱ्हासूत."

"माले इचारं का?"

"तुन्ही सही ते व्हयेल शे ना."

तो हे वाईट मनाने म्हणाला नाही. मला ठाऊक आहे. त्याला खरंच वाटलं की विचारायचं कारण काय. पण मी फोन आपटला, आणि त्यानंतर त्याचे फोन उचलले नाहीत. त्या वर्षी आखाजीला कोणी आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. शेजारणीने विचारलं, "कोन्ही उनं नही का?" मी सांगितलं, दुकानात लग्नसराई आहे, मीच जात नाही.

नंतर एकदा भाऊ दुकानात आला. भर दुपारी. पायऱ्यांवरून एक गाठोडं हळूहळू वर चढवलं. गुडघा वाकत नव्हता त्याचा. गाठोडं सोडलं. आईची भांडी होती. तांब्याचं घंगाळ, दोन कळशा, पुरण शिजवायचं पातेलं, आणि मोठी पितळी परात, जिच्या काठाला पोच होता. लहानपणी आम्ही दोघं ती परात ओढत भांडलो आणि ती ओट्यावरून पडली, तेव्हाचा तो पोच.

"सुरतना घरमा जागा नही," तो म्हणाला. "म्हनीसन तुनाकडे लई उनू."

"मोडीत द्यायची?" मी विचारलं. मी त्याच्याशी पुस्तकी मराठीत बोलत होते. कचेरीत बोलतात तशी.

त्याने गाठोड्याच्या फडक्याची घडी घातली. "भाव तूच लाव," म्हणाला.

मला त्या क्षणी ती परात इतकी हवी होती की हात पुढे जाईना. आणि इतका राग आला होता की तोंडातून दुसरं काही निघेना. जमीन विकली, घर विकलं, आता आईची परात माझ्याकडेच विकायला आणली. चेहऱ्यावर मी काही दाखवलं नाही. दुकानातल्या नोकर पोराला तराजू लावायला सांगितलं. भाव सांगितला, बाजारात चालतो तो. मग घट धरली. मोड घेताना काजळी, डाग, मातीचं वजन म्हणून आम्ही थोडं कापतो, त्याला घट म्हणतात. अनोळखी गिऱ्हाइकाचीही मी इतकी कापत नाही. आईच्या चुलीची काजळी होती ती, आणि मी ती कापली. वाटलं, आता तरी तो भांडेल. लहानपणी भांडायचा तसा. म्हणेल, लुटाई टाकं माले.

त्याने पैसे घेतले, न मोजता खिशात ठेवले. मी त्याला बस म्हणाले नाही. चहा सांगितला नाही. तो पायरीपर्यंत गेला आणि वळला.

"परात कोन्हले ईकशी?"

"मोड आहे. मोडीत जाईल."

त्याने मान हलवली आणि तो उतरला.

माझ्या दुकानासमोर एक कल्हईवाले चाचा बसतात. त्यांच्या बापापासून ती जागा त्यांची. भाऊ गेल्यावर ते रस्ता ओलांडून आले.

"बाई, भाऊ होता ना तुमचा? सकाळपासून माझ्याजवळ बसला होता. मी म्हटलं, जाव ना अंदर. म्हणे, गर्दी आहे. गर्दी कुठे होती?"

मी तराजूतली परात उतरवायला लागले.

"परात चांगली होती. मी म्हटलं मला दे, जास्त देतो. म्हणे, विकायची नाही, बहिणीची आहे."

मी चाचांवरच ओरडले. म्हटलं, मग हे त्याच्यासमोर का नाही बोललात. ते बिचारे परत जाऊन भाता चालवायला लागले.

तेव्हापासून माझं त्याच्याशी मनातल्या मनात भांडण चालू आहे. द्यायलाच आणली होती, तर भाव तू लाव कशाला म्हणालास? तोंड नव्हतं का? पण मग मलाच आठवतं की मोडीत द्यायची का, हे आधी मी विचारलं होतं. जमीन विकलेल्या माणसाने बहिणीसमोर गाठोडं सोडून काय बोलावं, हे त्याला सुचलं नसेल. आणि माझ्यासमोर शब्द न सुचलेला माणूस किमतीवरच येतो, हे मी हजारदा पाहिलं आहे. तरी तो माझा भाऊ. त्याने तरी गिऱ्हाईक व्हायला नको होतं. माझा राग गेलेला नाही.

भांडी मोडीत गेली नाहीत. चिंचेने घासून माळ्यावर ठेवली आहेत. हे त्याला माहीत नाही.

आता मी त्याचा फोन उचलते. आखाजीच्या आधी फोन येतो.

"ये ना व सुरतले. नंदुरबारथून गाडी सरळ शे. नातूले धाडू का टेशनवर?"

"लेवाले ये."

"मन्हा गुडघा दखना ना तू."

"मंग ऱ्हाऊ दे."

त्याच्या घरात कोणीतरी टीव्ही लावलेला असतो. आखाजीच्या सकाळी परत फोन येतो, तेव्हा तो विचारतो, घागर भरली का. घागर लेकाने भरायची, लेकीने बापाची भरायची नसते. सुरतेला मातीची घागर सापडत नाही, म्हणतो. मी सांगते, भरली. कोणाची, ते तो विचारत नाही.

दर वर्षी मी आदल्या दिवशी एक पिशवी भरते. दोन साड्या, त्यातली एक जांभळी. गोळ्या, चष्मा, नातवंडांसाठी खाऊ. कोणी आलंच, तर त्याला ताटकळत ठेवायला नको. यंदाही भरली. आखाजीच्या दुपारी जेवणं झाली, सुनेने खरकटं काढलं आणि दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बघून तिने विचारलं, "आई, ही रिकामी करू का?"

"राहू दे," मी म्हणाले. "सुरतेची संध्याकाळची एस.टी. अजून यायची आहे."