पुलावरची ट्यून कुणाची

वृषाली सरवदेला राग आला की तिचा आवाज चढत नाही, खाली जातो. ढोकीत तिचं दाखले काढून देण्याचं केंद्र आहे. रांगेत मध्येच घुसणाऱ्यांना तो खालचा आवाज चांगला माहीत आहे.

तिचे वडील मच्छिंद्र, म्हणजे आप्पा, साखर कारखान्यात फिटर होते. ती आठ वर्षांची असताना त्यांनी लातूरहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. पोरं उड्या मारण्यात आणि गोळ्या झाडण्यात दंग. आप्पांना मात्र एकाच कॅसेटमधल्या तिसऱ्या टप्प्याचं संगीत आवडायचं. तिथवर कसंबसं पोचले की ते हातातलं खाली ठेवायचे. "हलवू नको त्याला, वाजू दे," म्हणायचे. पडद्यावरचा इवलासा माणूस पुलावर तसाच उभा आणि आप्पा डोळे मिटून बसलेले.

कारखान्याच्या घरघरीत तीस वर्षं काढल्यावर त्यांचे कान गेले. पूर्ण नाही, बारीक आवाज गेले, जाड उरले. वृषालीनं एकदा ती ट्यून मोबाईलवर शोधून लावली, तर ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. "लावलीस का? मला काहीच न्हाय ऐकू येत." त्या जुन्या गेमचं संगीत म्हणजे सगळ्या बारीक पिपाण्याच.

मग तिनं ती ट्यून नव्यानं बांधायला घेतली. जुना लॅपटॉप होता. त्यावर एलएमएमएस आणि ऑडॅसिटी टाकलं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही फुकट घ्यावीत, आतून उघडून बघावीत अशी ही संगीत जुळवायची सॉफ्टवेअरं. केंद्र बंद झालं की ती रोज तासभर बसायची. कानानं सूर ओळखायचा, चौकटीत मांडायचा, दोन सप्तकं खाली आणायचा. मूळ गेममध्ये ढोलाच्या जागी नुसती खरखर होती. तिथं तिनं आप्पांना लोखंडी पाइपावर पाना मारायला लावला आणि तो ठोका रेकॉर्ड करून बसवला. आठ महिने गेले. पुरी झालेली ट्यून ऐकताना आप्पांचा हात आपोआप मांडीवर पडायला लागला. "हीच की! पुलावरची!"

ही चाल मुळात कुणाची, तेही तिनं शोधलं. गेममध्ये नाव नव्हतं, कंपनीनं लिहूच दिलं नव्हतं. जुन्या जपानी मुलाखती मशीनकडून भाषांतर करून घेत ती एका बाईच्या नावापर्यंत पोचली. काझुए तानिमोरी. ट्यून नेटवर टाकताना पहिल्या ओळीत ते नाव, दुसऱ्या ओळीत स्वतःचं आणि आप्पांचं. खाली लिहिलं, 'घ्या, वाजवा, फक्त नावं खोडू नका.'

लग्नसराईत एक वरात केंद्रासमोरून गेली आणि गाडीवरच्या स्पीकरांतून आप्पांचा पाना वाजला. त्यावर कुणीतरी ओरडत होतं, "डीजे महांतेश, उमरगाऽ!" वृषालीला क्षणभर बरंच वाटलं. चार दिवसांनी नेटवरची तिची ट्यून गायब झाली. जागी एक ओळ होती: ही रचना महांतेश यांची असून त्यांच्या तक्रारीवरून काढून टाकली आहे.

ती ओळ तिनं तीनदा वाचली. मग लॅपटॉप पिशवीत घातला, आप्पांना चप्पल घालायला सांगितलं आणि एसट्या बदलत उमरगा गाठलं.

हायवेलगतच्या गाळ्यात महांतेश वायरी गुंडाळत होता. तिशीतला, हसरा माणूस. त्यानं आप्पांना खुर्ची दिली, चहा सांगितला.

"ताई, सॉफ्टवेअर फुकटचं, ट्यून फुकट टाकलेली. त्यात माझं काय चुकलं?"

"वाजवलंस त्याबद्दल मी बोलतच न्हाय," वृषाली म्हणाली. "ती तुझी हाय म्हणून तू लिहून दिलंस. माझीच ट्यून मला चोर ठरवून काढायला लावलीस."

"आन् तुमी काय केलं? ती तर जपानची. तुमीबी उचललीच की."

हा घाव बसला. गाळ्यातली दोन पोरं हसली. वृषालीचा आवाज आणखी खाली गेला.

"व्हय, चाल माझी न्हाय. म्हणूनच त्या बाईचं नाव पहिलं लिहिलं. कंपनीनं तिला एकदा पुसलं, तू दुसऱ्यांदा पुसलंस. आता तुझा कॉम्प्युटर चालू कर. तू बनवलीस ना? बनवणाऱ्याकडं एकेक आवाज सुटा असतो. मग बाकी सगळं बंद करून नुसता पान्याचा ठोका ऐकव."

महांतेश हसला. "कसला पाना?"

तिनं आपला लॅपटॉप त्याच्या स्पीकरला जोडला. एकेक आवाज बंद करत गेली. शेवटी गाळ्यात फक्त लोखंडावरचा ठोका उरला, घण घण. आप्पा खुर्चीतून उठले. एवढा वेळ त्यांना बोलणं नीट ऐकू आलं नव्हतं. हा आवाज मात्र आला.

"हे माझ्या हातचं हाय," ते म्हणाले. "ह्यानं काय केलंय ह्याचं?"

पोरांचं हसू थांबलं. महांतेश पुटपुटला, "काका, धंद्यात असं चालतं."

"आमच्यात न्हाय चालत," वृषाली म्हणाली. "तक्रार आत्ता मागं घे, माझ्यासमोर. न्हायतर हे सगळं जोडून मी लेखी देते. अर्ज लिहिणं माझं रोजचं काम हाय."

त्यानं मोबाईल काढला आणि घुश्शातच तक्रार मागं घेतली. माफी मागितली नाही. चहा आला होता, तो कुणी प्यायला नाही.

पंधरा दिवसांनी ट्यून परत दिसायला लागली. महिन्याभरानं त्याचा फोन आला: वरातीच्या गाडीवर तुमचं नाव लावतो, अजून एखादी ट्यून करून द्या.

"आधी काझुए तानिमोरी लिही."

"ते नाव हितं कोण वाचतंय ताई?"

तिनं फोन ठेवला. अजून ते वाक्य आठवलं तरी तिच्या हातातलं काम थांबतं. महांतेशच्या गाडीवर आजही तीच ट्यून वाजते, नावाशिवाय. ती थांबवणं तिच्या हातात नाही, आणि हे तिला सहन होत नाही. आता ती चौथ्या टप्प्याचं संगीत बांधतेय. नवीन फाइल उघडली की सूर मांडायच्या आधी ती त्या जपानी बाईचं नाव टाइप करते, अक्षर अक्षर तपासून.