अर्जावरची माझी पहिली सही

बाई, पत्रात का होईना, जरा जवळ बसा. बदली झाली म्हणून माणूस असं तोडतं व्हय? उमरग्याला गेलात, परदेशात न्हाई. नात सारखी विचारती, "आजी, आमच्या बाई कवा येणार?" तुमच्या न येण्यामागं तो अर्ज तर नसंल ना, ही मला धाकधूक. दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घातलं असंल-नसंल, खरं काय ते मीच लिहिते. शाळेत कधी गेले न्हाई, नातीच्या पुस्तकांवरून शिकले. अक्षर वाकडं हाय, सांभाळून घ्या.

करोनात शाळा बंद होती आन् तास फोनवर भरायचा, ते दिवस आठवा. तास दहाला. आमच्या घरात फोन एकच, आन् दहाला तो खव्याच्या भट्टीवर. कढया चढलेल्या, व्यापाऱ्याचा फोन कधी येईल नेम न्हाई, म्हणून लेक फोन कुणाला हात लावू देत नसे. चौथीतली नात वही घेऊन भट्टीच्या दारात बसायची आन् बापाच्या खिशाकडं बघायची. तुम्हाला हे कसं कळावं? आम्ही सांगितलंच न्हाई. भट्टीवाल्याच्या घरात एकच फोन, हे सांगायची लाज वाटली.

मग तुम्ही पालकांच्या ग्रुपवर तिचं नाव घालून टाकलंत, "सलग आठ दिवस गैरहजर. पालकांनी लक्ष द्यावे." लेकानं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण भट्टीवर दूध घालाया आली, किटली ठेवता ठेवता म्हणली, "काय वो मावशी, नातीला खव्याची डिग्री देताव का?"

माझ्या अंगाची आग झाली. दूध घेऊन आलेले सगळेच तुमच्यावर चिडलेले निघाले. कुणाची पोरगी तुमच्या बोलण्यानं रडली होती, कुणाला वहीचा फोटो काढून पाठवता येत नव्हता. एक जण तर म्हणला, "बाईंचं बरंय, घरी बसून नावं वाचायची!" तिथंच अर्ज लिहिला, ह्या बाई नकोत, बदली करा म्हणून. पण पहिली सही कोण करणार? सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघाया लागले. मी पेन घेतला. जन्मभर अंगठा उठवलेला, सही नवीनच शिकले होते. मोठी केली, झोकात. माझ्याखाली मग पटापटा सात जणांच्या.

अर्ज पिशवीत घातला आन् म्हणलं, साहेबाला देण्याआधी बाईंना तोंडावर चार शब्द ऐकवते. पाठीमागून वार करायची सवय न्हाई मला. तुमच्या खोलीवर आले तर खाली कुणी न्हाई. जिना चढून बघितलं, तर तुम्ही गच्चीत पाण्याच्या टाकीला टेकून उभ्या. एका हातात फोन वर धरलेला, कडेवर लेकरू, ते तुमची वेणी ओढतंय. हजेरी चालली होती. एक नाव घ्यायचं, थांबायचं. परत घ्यायचं, थांबायचं. "आवाज येतोय का रे बाळा?" बोलली दोन-तीनच पोरं. मग माझ्या नातीचं नाव आलं. तीनदा घेतलंत, घरच्यासारखं.

माझ्या तोंडातून निघूनच गेलं, "हाय बाई! हजर हाय! पण भट्टीवर हाय!"

फोनमधली पोरं खदाखदा हसली. तुम्ही दचकलात, मग हसलात, आन् हसता हसता डोळे पुसलेत. "आजी, मला वाटलं तिची शाळाच सोडवली तुम्ही. वरून रोज विचारतात, किती हजर? मी काय सांगू?"

मग मी लाज गुंडाळून ठेवली आन् सांगितलं, फोन एकच हाय. तुम्ही विचारलंत, "भट्टीवर गावातलं कोण कोण येतं?"

"सगळीच येत्यात. दोन्ही टायमाला."

झालं. तुम्ही कागद भट्टीवर धाडायच्या; सकाळी किटली रिकामी करून नेताना ज्यानं त्यानं आपल्या पोराचा गणिताचा कागद न्यायचा, संध्याकाळी दुधाबरोबर वही आणायची. मग तक्रार करायची पाळी तुमची आली, "आजी, वह्यांना धुराचा वास येतो, पानांवर दुधाचे डाग!" पण वह्या येत होत्या. नात पाचवीला गेली ती त्या कागदांवरच.

अर्ज मी कुणाला दिला न्हाई, तुम्हालाही तवा बोलले न्हाई. विचारणाऱ्याला सांगितलं, पहिली सही माझी, मीच माघारी घेते. पण फाडवलाही न्हाई. खरं सांगू? कागदावरची ती माझी पहिलीच सही. ज्वारीच्या डब्यात ठेवलाय. डबा उघडला की तुमची वेणी ओढणारं लेकरू आठवतं.

तो अर्ज तुमच्या हातात द्यायचाय. मग फाडा, न्हाई तर लाल पेनानं तपासा, चुका लई असतील. सोनारीला देवाला याल तेव्हा तसंच इकडं वळा. सकाळीच या, कढई भट्टीवर असताना. लेकराला पण आणा. लवकर या, बाई.