करुणानं हात लावला नाही

माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या घरात भिंतींनाही माहीत आहे. त्या जिभेनं मी एका बाईला नको ते बोलले, आणि त्याच बाईनं माझी पोरगी सावरली. गुमान बसले तर मलाच झोप यायची नाय, म्हणून सांगते.

बाईचं नाव करुणा. शहराच्या कडेला, देवळाईत, बायपासच्या अलीकडं एका गाळ्यात तिचं पार्लर आहे, ‘निशा ब्यूटी पार्लर’. निशा तिची पोरगी, सहावीला. करुणा मूळची आमच्याच चितेगावची. तिची आई सरूबाई आमच्या रानात कापूस वेचायला यायची. माझ्या सासूबाई तिला पाणी द्यायच्या ते वरून, ओंजळीत. मी नवी सून, बघत उभी राहायचे. बोलले कधीच नाय. पुढं थोडी जमीन विकली, आमच्या ह्यांनी, सर्जेरावांनी, टिपर घेतले, मुरूम टाकायचा धंदा धरला आणि आम्ही शहरात आलो. करुणाही आली, पण ती एकट्या हिमतीवर. आधी चार वर्षं एका स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडं कामाला होती. पेशंट आत सोडायचा, दिवा धरायचा. दिवा धरता धरता तिनं असं काही बघून ठेवलं, की चेहरा उजेडात फिरवला की तिला कळतं. मग पार्लरचा कोर्स केला आणि गाळा घेतला.

आता माझी मोनिका. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तोंडावर चार मुरूम आले. आमच्याकडं पुळ्यांनाही मुरूमच म्हणतात आणि रस्त्यावर पडतो तोही मुरूमच. कॉलेजातल्या कुण्या शहाण्यानं ते बरोबर जुळवलं, ‘मुरूमवाल्याची पोर, तोंडावर बी मुरूम’. झालं. पोरगी घरी येऊन रडायला लागली. माझ्या जावेनं एक ट्यूब सांगितली, मेडिकलवर चिठ्ठीबिगर मिळते, आठ दिवसांत तोंड साफ. मी आणली. सकाळ-संध्याकाळ माझ्या हातानं तिच्या गालाला चोळली. आणि खरंच, आठ दिवसांत तोंड असं उजळलं की मी जावेला साडी नेसवायचीच तेवढी बाकी ठेवली होती.

तीन महिन्यांनी सगळं उलटलं. ट्यूब दोन दिवस चुकली की गालभर पुरळ. मग मी जास्त चोळायचे. शेवटी दोन्ही गाल लालभडक. पोरगी स्कुटीवर बांधायचा स्कार्फ घरातसुद्धा सोडेना. ताट घेऊन खोलीत जायची आणि दार लावून जेवायची. परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि ही म्हणाली, ‘मी बसणार नाय. तिथं स्कार्फ काढायला लावतात.’ वर्ष गेलं असतं, आणि एकदा घरात बसलेली पोरगी परत बाहेर पडली असती का, ह्याचा मला भरवसा नव्हता. म्हटलं, आता पार्लरच.

आम्ही गेलो तेव्हा करुणानं एका पोरीला खुर्चीवर दारात बसवलं होतं. ट्यूबलाइटखाली ती कुणाचं तोंड बघत नाय. ती त्या पोरीला सांगत होती, ‘हे काळं टोक दिसतं ना, तो मळ नाही. तेल साचून वर आलंय आणि वारं लागून काळं पडलंय. घासलंस तर सालटं जाईल, हे नाही जायचं. हे पांढरं, ह्याचं तोंड बंद आहे. हे दोन मी काढते. ह्या लाल फोडीला हात लावायचा नाही. आणि ही हनुवटीखाली आतल्या आत ठणकणारी गाठ, ही तर डॉक्टरची. हिला दाबलीस तर जन्माचा खड्डा.’ पोरगी मान डोलवत होती. मला वाटलं, एवढं कशाला सांगावं, क्रीम लावावी आणि मोकळं व्हावं.

मग मोनिकानं स्कार्फ सोडला. करुणानं तिचं तोंड उजेडाकडं करायला सांगितलं. डावीकडं, उजवीकडं. बराच वेळ बघितलं आणि दोन्ही हात मागं घेतले.

‘काकू, ह्या चेहऱ्याला मी हात लावणार नाही.’

माझं टाळकंच सरकलं. मी म्हणाले, ‘व्हय. आता तुमचे दिवस आले. कुणाला हात लावायचा अन् कुणाला नाय, हे आता तुम्ही ठरवणार.’

खुर्चीवरची पोरगी खाली बघायला लागली. करुणाचा चेहरा एवढासा झाला, पण आवाज चढला नाय. ती म्हणाली, ‘काका बाहेर गाडीत आहेत ना? त्यांना बोलवा.’

हे आत आले. पार्लरमध्ये कसं उभं राहावं हे त्यांना कळेना.

करुणा म्हणाली, ‘काका, खाणीतनं मुरूम निघतो, तो सगळा एका मापाचा असतो का?’

‘छ्या. त्यात गोटा असतो, बारीक असतो, माती असती. सगळी मिसळ.’

‘आणि सगळा एका मापाचा दिसला तर?’

‘तर तो मुरूमच नव्हं. ती क्रशरची खडी. मशीनमधनं काढलेली.’

‘मग पोरीच्या गालाकडं बघा.’

ह्यांनी बघितलं. दोन महिन्यांत बापानं लेकीचं तोंड उजेडात बघितलंच नव्हतं. वाकून बघितलं आणि हळूच म्हणाले, ‘एका चाळणीतनं काढल्यागत हायेत की.’

‘वयात येताना उठतात त्या मुरमांत काळं, पांढरं, कच्चं, पिकलेलं, लहान-मोठं, सगळं असतं,’ करुणा म्हणाली. ‘हे एकदम आणि एकसारखे उठलेत. गालावर लव आलीय, बारीक शिरा दिसायला लागल्यात. हे आपसूक आलेलं नाही. काहीतरी लावलंय.’

ह्यांनी मोनिकाकडं बघितलं. मोनिकानं माझ्याकडं. ट्यूब माझ्या पर्समध्येच होती. मी ती काढून टेबलावर ठेवली.

करुणानं बारीक अक्षरं वाचली. मला एका शब्दानं बोलली नाय. म्हणाली, ‘ह्यात स्टेरॉइड आहे, काकू. डॉक्टरनं दिलं तर औषध. तोंडावर महिने-महिने चोळलं तर असं होतं. आधी साफ दिसतं, तिथंच माणूस फसतं. मी वर फेशियल केलं तर आणखी भडकेल. उद्या घाटीत, सरकारी दवाखान्यात, स्किनच्या ओपीडीला जाऊ. ट्यूब एकदम सोडायची का हळूहळू, ते डॉक्टर सांगतील. मी येते सोबत.’

दुसऱ्या दिवशी पार्लरला कुलूप लावून ती आली. मी जे बोलले होते त्याच्यानंतर आली. डॉक्टरांनी तेच सांगितलं, अक्षरशः तेच, आणि करुणाकडं बघून विचारलं, ‘हे कुणी ओळखलं?’ ती म्हणाली, ‘हिच्या वडिलांनी.’

औषध सुरू झालं आणि आधी चेहरा आणखी पेटला, ट्यूबनं दबलेले जुने मुरूमही वर आले. डॉक्टरांनी बजावलं होतं तरी माझा धीर सुटला. मोनिकानं बेसिनवरचा आरसा उतरवून पलंगाखाली टाकला. करुणा रोज ऊन उतरायच्या आत स्कुटीवर यायची, तिला आमच्या दारात बसवायची आणि तो आरसा तिच्याच हातात द्यायची. ‘तोंड वाईट आहे असं म्हणायचं नाही. कोणतं काय आहे ते सांग.’ पोरगी आधी फणफणली. मग बोलायला लागली. ही पिकलेली. ही बसत आली. हे पांढरं, नवं. ही आतली गाठ, हिला हात लावायचा नाय. एका आठवड्यात ती कोणती फोड कुठं होती आणि कुठं विरली, हे पुस्तकातल्या धड्यागत सांगायला लागली. ज्या तोंडाची तिला भीती वाटत होती, ते तिला ओळखीचं झालं. परीक्षेच्या दिवशी गाल लालच होते. ती स्कार्फ बांधून गेली आणि गेटवर स्वतःच काढला. मी रस्त्याच्या पल्याड उभी राहून बघितलं. तिथंच पदर डोळ्याला लावला, लोक बघत होते तरी.

एवढ्या दिवसांत करुणानं एकदासुद्धा तिच्या गालाला बोट लावलं नव्हतं.

सहा महिने गेले. गाल निवले. दोन-चार काळी टोकं राहिली, ती पार्लरमध्ये काढली तरी चालतील असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही गेलो. मोनिका दारातल्या खुर्चीवर बसली. माझ्या मनात इतके दिवस ठसठसत होतं, ते मी काढलंच.

‘करुणा, सरूबाईला आमच्या घरी पाणी कसं द्यायचे, ते मी बघितलंय. बघत उभी राहिले, बोलले नाय. आणि तुला त्या दिवशी बोलले ते तर तूच ऐकलंस. माझं चुकलं. पण खरं सांग, हात लावणार नाही म्हणालीस, तेव्हा मनात जुना राग होता का?’

तिनं हातातला कापूस उलगडला.

‘राग आहे, काकू. नाही कशाला म्हणू? आई अजून ओंजळीनंच पाणी पिते, हातात ग्लास दिला तरी. पण राग काढायचा असता, तर त्या दिवशी हात लावला असता.’

करुणा उठली, बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले, स्वच्छ फडक्यानं पुसले. मग मोनिकाच्या हनुवटीखाली बोटं धरून तिचं तोंड उजेडाकडं वळवलं आणि आपला तळवा तिच्या गालावर ठेवला.