पिंपळाखालची पंप रूम

भादव्याचं ऊन पडलं होतं, अंगाला चिकटणारं. गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे दोन दिवस झाले तरी ओलेच. रविवार असून प्रिती सकाळपासून जमिनीवर बसून ऑफिसचे मोठे नकाशे बोर्डावर चिकटवत होती. आधी मधून दाबायचं, मग कडेला, फुगा राहता कामा नये. मोरीपाशी तिची आई मीराबाई कडक पांढऱ्या लुगड्याच्या निऱ्या चोपत उभी होती.

"समद्या बाया येनार हायत सभेला," मीराबाई म्हणाली. "माज्या लेकीनं तळं काडलंय म्हनून सांगून आलेय."

"आई, मी एकटीनं नाही काढलेलं. ऑफिसचं काम आहे ते."

"कागदावर हात कुनाचा फिरला? तुजाच ना? मंग!"

प्रितीनं मान वर केली नाही. कोपरा पुन्हा दाबला.

परळच्या त्यांच्या चाळीमागे एक बंद गिरणी आहे. शेड गेल्या, चिमणी गेली, एका बाजूला टॉवर चढला, पण गिरणीचं तळं तेवढं राहिलं. त्याच्या काठावर आता सगळ्या वस्तीसाठी एक सभागृह आणि बाग व्हायची होती. आराखड्याचं काम माटुंग्याच्या इरावतीबाईंच्या ऑफिसला मिळालं. प्रिती तिथं ड्रॉइंगं करते. 'इथल्या संस्कृतीत रुजलेली वास्तू' असं पहिल्याच पानावर छापायचं होतं, आणि इथली म्हणून बाई सगळं प्रितीलाच विचारायच्या. तिनंही भरभरून सांगितलं. लेझीमला मोकळं अंगण हवं. भजनीबुवांना ओटा हवा. विसर्जनाला वेगळा हौद. कोकणातल्या मंडळींच्या नमन-खेळ्याला स्टेज, आणि मागे तोंडं रंगवायला खोली. बाकी सगळ्यांचं सांगून झालं.

तळ्याच्या काठाला पिंपळ आहे. त्याच्याखाली बांबूंवर टाकलेले निळे पत्रे आणि जरा उंचावलेला, शेणामातीचा होता तो आता सिमेंटचा झालेला कट्टा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, वर्षावासात, चाळीतल्या बाया दुपारी तिथं धम्मग्रंथ वाचायला बसतात. मीराबाई चौथी शिकलेली. ओळीखाली बोट धरून वाचते, अडली की पुन्हा मागून सुरू करते, आणि कुणी हसत नाही. लहानपणी प्रिती तिथंच, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची.

जागा बघायला आले त्या दिवशी इरावतीबाईंनी विचारलं होतं, "हे निळ्या पत्र्यांचं काय आहे गं?"

शेजारी सौमित्र फोटो काढत होता. बोलायला तसा गोड मुलगा. दर डिसेंबरला मात्र म्हणायचा, "सहा तारखेला दादरला तोबा गर्दी असते, आपण घरूनच काम करू या ना, मॅडम." सगळे हसायचे, प्रितीही हसायची. सहा तारखेला मीराबाई दादरला रस्त्याकडेला पिंपातून पाणी वाटत असायची, गावोगावहून आलेल्या माणसांना. आणि लेक घरात कानाला हेडफोन लावून बसायची. तिच्या आडनावावरून काही कळत नाही. ऑफिसात कुणी कधी विचारलं नाही. तिनं कधी सांगितलं नाही.

"काही नाही, मॅडम," ती तेव्हा पत्र्यांकडं बघून म्हणाली. "तात्पुरतं आहे. काढतील."

त्यामुळे ती जागा मोकळी धरली गेली, आणि तळ्याचं पाणी खेळवायची पंप रूम तिथं बसली. बसवली प्रितीनंच.

वस्तीला आराखडा दाखवायची सभा त्या संध्याकाळी महापालिकेच्या शाळेत होती. मंडळाच्या पोरांनी आधीच गोंधळ घातला.

"मॅडम, ढोल ठेवायचे कुठं? घरी ठेवले तर बायको आम्हाला बाहेर ठेवते!"

सगळे खो खो हसले. इरावतीबाईंनी हसत हसत खोली दाखवली. मग बाया उठून बोर्डापाशी आल्या. मीराबाईचं बोट काठाकाठानं चाललं, ओळीखाली चालतं तसं सावकाश, आणि थांबलं.

"ह्यो चौकोन कसला?"

"पंप रूम," प्रिती म्हणाली.

मीराबाईनं चौकोनाकडं बघितलं. मग लेकीकडं. प्रितीच्या हाताला डिंक लागला होता, तो ती खरवडत राहिली.

शेजारच्या शेवंताबाईनं चष्मा वर केला. "मीरे, आपला पिंपळ कुटं हाय ह्यात?"

"हाय, हाय. बारीक काडलाय."

इरावतीबाई पुढं आल्या. "आजी, तुम्हा बायकांचं काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा हं. नंतर बदलणं अवघड जातं."

मीराबाईनं चौकोनावरचं बोट उचललं.

"न्हाई बाई, झ्याक झालंय," ती म्हणाली. आणि प्रितीकडं न बघता पुढं म्हणाली, "ह्या ताईंनी लई चांगलं काडलंय."

ह्या ताईंनी. शेवंताबाईनं गर्रकन मान वळवून मीराबाईकडं बघितलं. प्रितीला वाटलं, आपले कान भाजतायत. सकाळपासून चाळभर 'माजी लेक, माजी लेक' करत फिरलेली बाई चारचौघांत तिला परकी करून मोकळी झाली होती, लेकीला लपायला सोपं जावं म्हणून.

"मॅडम," प्रिती म्हणाली. "ही माझी आई."

"अय्या! मग सांगायचं नाही का?"

"आणि ते पत्र्याचं तात्पुरतं नाहीये. मी लहान होते तेव्हापासून आहे. आमच्या बाया तिथं वर्षावासात वाचन करतात."

इरावतीबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "पण मी तुलाच विचारलं होतं ना?"

"हो."

"मग?"

प्रितीची नजर मागं उभ्या सौमित्रकडं गेली. तो मोबाइलमध्ये बघत होता, पण मोबाइलचा स्क्रीन बंदच होता.

"पंप रूम गेटपाशी नेऊ," इरावतीबाई शेवटी म्हणाल्या. "पाइप वाढेल, वाढू दे. मी आज सगळ्यांसमोर सांगते, कट्टा तिथंच राहील. पण प्रिती, हे मला कामाआधी कळायला हवं होतं."

"मीरे," शेवंताबाई मोठ्यानं म्हणाली, "हरवली हुती वाटतं तुजी लेक. सापडली बग!"

बाया हसल्या. मनात काही न ठेवता हसल्या, आणि तेच प्रितीला सोसवेना. कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येताना मीराबाई बायांबरोबर पुढं चालली होती. चाळीच्या जिन्याशी दोघीच उरल्या.

"आई, तू तसं का म्हणालीस?"

"तुजं त्वांड बगितलं. वाटलं, हापिसात नडंल तुला."

"तसं नाही गं."

"मंग कसं?"

जिन्याचं लाकूड पावलांखाली कुरकुरलं. कुणी तिला हाकललं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. एका माणसाच्या थट्टेला ती भ्यायली होती, आणि अजून भीत होती.

"उद्या दुपारी येशील का वाचनाला?" मीराबाईनं विचारलं. "घटकाभर."

"उद्या ऑफिस आहे," प्रितीच्या तोंडून निघून गेलं.

"व्हय की. हापिस हाय." मीराबाईनं कुलूप काढलं, लुगड्याचा पदर कमरेला खोचला. "मंग दळान तरी आन जा. चक्की बंद करंल त्यो."

प्रितीनं फळीवरचा डबा काढला, पिंपातली ज्वारी मापानं त्यात ओतली. वर मूठभर तांदूळ टाकले, आईला भाकरी तशी लागते. झाकण घट्ट बसवलं, डबा कमरेवर घेतला आणि ती जिना उतरू लागली.