ॲक्सलवरचा काळा रंग

मिस्त्री मुळातच रागीट. त्यात या जुन्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचं ऑइल सील तिसऱ्यांदा गळलं आणि डाव्या चाकाचा ब्रेक तेलात न्हाऊन निघाला. सील बसवलं होतं धाकट्या भावाने.

"हात आहेत की फुंकण्या?" मिस्त्री गरजला. "उद्यापासून गॅरेजात यायचं नाही."

"दादा, नीट दाबून बसवलं होतं मी."

"मग तेल काय पोहायला बाहेर आलं?"

भाऊ गप्प झाला. वीस वर्षं तो असाच गप्प बसत आला होता आणि त्याचाच मिस्त्रीला जास्त संताप यायचा.

मिस्त्रीने शाफ्ट स्वतः ओढून काढला. सीलवर ओरखडासुद्धा नव्हता. चरफडत तो गाडीखाली सरकला. ॲक्सलच्या पेटीला हवा जाण्यासाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की आत दाब वाढून तापलेलं तेल सीलमधून वाट काढतं. भोकावर काळा रंग कडक वाळला होता. काम उठून दिसावं म्हणून प्रत्येक ॲक्सल रंगवायची हौस मिस्त्रीचीच.

तो बाहेर आला. भाऊ आपले पाने पिशवीत भरत होता.

"भोक रंगाने बुजलंय," मिस्त्री खेकसला. "माझ्या रंगाने. तुला तोंड नाही? ओरड की माझ्यावर!"

"मला ओरडता येत नाही, दादा," पिशवी उचलत भाऊ म्हणाला. "जाता येतं."

आणि तो खरोखरच गेला.