साहेबाची खुर्ची

गिरगावातलं आमचं घर पणजोबांनी एका संध्याकाळसाठी बांधलं. ते कापसाचे मोठे व्यापारी. विलायतेला गाठी पाठवून बक्कळ पैसा झाला, तेव्हा गव्हर्नरसाहेबाने आपल्या घरी चहाला यावं, अशी हौस सुचली. म्हणून बग्गी थेट आत येईल अशी कमान, रंगीत काचांच्या खिडक्या, विलायती फरशीचा दिवाणखाना, आणि समुद्राकडच्या खिडकीत, वाऱ्याच्या तोंडावर, वेताची रुंद खुर्ची.

साहेब आलाच नाही. कुणी म्हणे त्याला ताप भरला, कुणी म्हणे भाऊबंदांनी त्याचे कान भरले. पणजोबांनी मात्र हुकूम काढला: साहेब येईपर्यंत त्या खुर्चीत कुणी बसायचं नाही.

साहेब देश सोडून गेले, कापसाचा धंदा बुडाला, खालच्या मजल्यावर भाडेकरू आले. खुर्चीत कुणी बसलं नाही. बडा घर पोकळ वासा म्हणतात. आमच्याकडे वर ही खुर्ची, आणि ती रोज पुसायची. आई मागच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात घामाघूम व्हायची आणि घरातला सगळा वारा त्या रिकाम्या वेताला लागायचा. मला लहानपणापासून याची चीड होती.

म्हातारपणी बाबांना दम्याने गाठलं. खुर्चीशेजारी लाकडी स्टूल टाकून, खिडकीकडे मान वळवून ते श्वास घेत बसायचे. त्या उन्हाळ्यात एका दुपारी मला राहवलं नाही.

"बाबा, बसा ना खुर्चीत. जरा पाठ टेका."

त्यांनी पंच्याने खुर्चीचा हात पुसला, हसले. "अगं, आणि साहेब आला तर?"

मलाही हसू आलं. आज नाही तर उद्या बसतील, असं वाटलं. पावसाळ्याआधीच ते गेले. अख्ख्या आयुष्यात त्यांना एकदा तरी पाठ टेकून तो वारा मिळायला हवा होता. ही रुखरुख काही जात नाही.

गेल्या महिन्यात घर रिकामं करायला घेतलं. इथे आता टॉवर होणार. जुनं फर्निचर विकत घेणारा आला, सामान बघत फिरला आणि धपकन त्या खुर्चीत बसला. मागे रेलून म्हणाला, "मॅडम, वेत एकदम कोरा! कोन बसलंच नाय काय हिच्यावर?"

"उठा! आधी उठा तिथून!"

मी इतक्या जोरात ओरडले की माझी मीच दचकले. तो बिचारा गडबडून उठला, सॉरी सॉरी म्हणत जिन्याचं लाकूड बघायला बाहेर गेला.

खुर्ची पुन्हा रिकामी. खिडकीतून वारा येत होता. ज्या हुकमावर जन्मभर जळफळले, तो मोडायला आता अडवणारं घरात कुणी उरलं नव्हतं. सकाळपासून उभी होते, पाय भरून आले होते. मी बाबांचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.