ओव्हन निर्दोष सुटला!

मंडळी, विजेचं बिल वाढलं की आमच्या तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये खापर फुटतं ते माझ्या ओव्हनवर. आजही ह्यांनी सुरू केलं, "तुझे केक महागात पडतात!"

मी घरातलं सगळं बंद केलं. देवघर, पॅसेज आणि बाथरूममध्ये दिवसरात्र जळणारे ह्यांचे लाडके तीन झिरो बल्ब तेवढे ठेवले. तरी मीटरचा लाल दिवा थांबून थांबून लुकलुकतच होता, म्हणजे वीज जातच होती.

"अगं, झिरो बल्बला कुठे वीज लागते?"

मी एक बल्ब काढून ह्यांच्या हातात दिला. त्यावर छापलेलं होतं, पंधरा वॅट! तीन बल्ब, चोवीस तास, म्हणजे रोज एक युनिट, आठवड्याला सात. माझा ओव्हन आठवड्यातून एकदा, तासभर. फार तर दीड युनिट!

तुमच्याकडे कोणावर आळ आहे? एकदा हिशोब करून बघाच.

आमचे हे आत्ताच हळूच विचारून गेले, "आज केक करतेस का गं?"